शनिवारची न्याहारी : दडपे पोहे

वाचकहो, या वेळचा धडा स्वयंपाकघरातला आहे. फळ्याऐवजी परात आणि खडूऐवजी खवणी एवढाच काय तो फरक. विषय साधा आहे, पण तो निवडण्यामागे कारण आहे.

क्युपर्टिनोत आपली जी थोडी घरे आहेत, त्यांत बहुतेक ठिकाणी नवराबायको दोघेही पाच दिवस कामावर असतात. शनिवार उजाडतो तेव्हा घरात थकलेली माणसे, भुकेली मुले आणि रिकामी चूल असते. शब्बाथला चूल पेटवायची नाही हे सर्वांना ठाऊक असते, पण न पेटवता काय खायचे हे ठाऊक नसते. मग कोणी दूध आणि सीरियलवर भागवतो, तर कोणी गाडी काढून हॉटेलच्या रांगेत उभा राहतो. तेथे अंडी, पॅनकेक, बटाटा आणि कॉफी घेतली की चौघांचे बिल टिपेसह सहज ऐंशी डॉलरांच्या पुढे जाते. मुलांना भेटायला देशातून किंवा इस्राएलहून आलेले आजीआजोबा अनेकदा घरीच राहतात, कारण ते अन्न त्यांना रुचत नाही आणि ते चालेल की नाही याचीही खात्री नसते. शब्बाथ किती कडक पाळावा हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे आणि आम्ही त्यात पडत नाही. पण आठवड्यातून एकदा सबंध घर एका ताटाभोवती बसते ती सकाळ अशी विखुरलेली पाहवत नाही.

न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या या खाण्याला येथे ब्रंच म्हणतात. गाय बेरिंजर नावाच्या एका इंग्रज लेखकाने १८९५ साली एका लेखात या प्रकाराची तरफदारी केली. रविवारी उशिरा उठावे आणि न्याहारी व दुपारचे जेवण एकत्रच उरकावे, असे त्याचे म्हणणे होते. शब्द नवा असला तरी प्रार्थनेहून परतल्यावर अकराच्या सुमारास पोटभर खाणे आपल्याला नवीन नाही. नवीन काय असेल तर त्यासाठी ऐंशी डॉलर मोजणे.

यहुदी लोक जगात जेथे जेथे राहिले, तेथे तेथे शनिवारच्या सकाळचा हा प्रश्न त्यांनी आपापल्या परीने सोडवला. येमेनी मंडळींचा जखनून शुक्रवारी मंद आचेवर ठेवतात, तो रात्रभर भाजत राहतो आणि सकाळी किसलेल्या टोमॅटोबरोबर खातात. इराकी मंडळी आदल्या दिवशी तळलेली वांगी आणि उकडलेली अंडी पावात घालून खात, त्यातूनच इस्राएलमधले साबिख आले. त्यावर जे पिवळे आंबट लोणचे घालतात त्याला तेथे 'अंबा' म्हणतात. तो आपलाच आंबा आहे, हे इस्राएलमधल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. पूर्व युरोपातल्या यहुद्यांचा चोलेंतही रात्रभर चुलीवर राहणारा. यांतल्या बहुतेक पदार्थांना रात्रभर विस्तव लागतो. कोकणातल्या पदार्थाला तोही लागत नाही. तो म्हणजे दडपे पोहे.

आता कोणी म्हणेल की दडपे पोहे सगळ्या कोकणाचे आहेत, त्यात बेने इस्राएलांचे असे काय? बरोबर आहे. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागात आपले पूर्वज शेजाऱ्यांसारखेच भात आणि नारळ खाऊन राहिले. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून लोकांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांच्या घरी शनिवारी काय खात असत याची नोंद आम्ही कोठे वाचलेली नाही आणि तर्काने सांगणार नाही. एवढे मात्र खरे की पोहे आणि नारळ या दोन वस्तूंवर आपला मलिदा उभा आहे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने जे ताट मांडले जाते त्यातले पोहे आणि न्याहारीच्या परातीतले पोहे एकच. एक गोड, एक तिखट. हा मुद्दा आम्ही पुढे पुन्हा घेणार आहोत.

प्रथम पोहे म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण ते समजले की कृती पाठ करावी लागत नाही. भात, म्हणजे टरफलासकट धान्य, पाण्यात भिजवतात. मग ते निथळून तापलेल्या कढईत किंवा वाळूत भाजतात आणि गरम असतानाच कांडतात. पूर्वी हे काम उखळ-मुसळाने होई, आता यंत्राच्या रुळांनी होते. भिजणे आणि भाजणे या दोन क्रियांत दाण्यातला पिष्टमय भाग फुगून शिजतो. चपटा झाल्याने पाणी आत शिरायला वाटही छोटी होते. म्हणून तांदळाला वीस मिनिटे उकळावे लागते, तर पातळ पोह्यांना नुसता ओलावा पुरतो. पोहे हे आधीच शिजलेले धान्य आहे हे ज्याला कळले, त्याला दडप्या पोह्यांचे सारे रहस्य कळले.

दुकानात पोहे तीन प्रकारचे मिळतात. जाड पोहे कांदेपोह्यांसाठी असतात. मध्यम पोहे कोठेही चालतात आणि कोठेच शोभत नाहीत, असे आमचे मत आहे. पातळ पोहे चिवड्यासाठी आणि दडप्यांसाठी. आपल्याला पातळच हवेत, पण कागदासारखे अतिपातळ नकोत, कारण ते ओल लागताच पिठूळ होतात. पुडी उजेडाकडे धरून पाहावी. तळाशी भुगा साचला असेल तर ती पुडी ठेवून दुसरी घ्यावी. घरी आणल्यावर पांढऱ्या कापडावर पसरून पाखडावेत, म्हणजे साळीची तुसे आणि एखादा किडा असेल तर तो दिसतो. कश्रुतच्या दृष्टीनेही ही सवय चांगली. साध्या पोह्यांत पोह्यांशिवाय काही नसते. 'गरम पाणी ओता आणि खा' अशा डब्यांत मसाला, दुधाची भुकटी वगैरे काय काय असू शकते, त्यांचे लेबल वाचल्याशिवाय ते घरात आणू नयेत.

चार माणसांसाठी प्रमाण असे. येथल्या मापाचे चार कप पातळ पोहे, एक कप खवलेला ओला नारळ, एक मोठा कांदा बारीक चिरून, दोन हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, दीड-दोन लिंबांचा रस, सपाट एक चमचा मीठ, एक चमचा साखर आणि अर्धा ते पाऊण कप नारळाचे पाणी. फोडणीला दोन मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग आणि पाव कप शेंगदाणे. एवढ्या साऱ्याचा खर्च हॉटेलातल्या एका माणसाच्या कॉफीएवढा होतो, फार तर थोडा अधिक.

नारळाविषयी दोन शब्द. तपकिरी सालीचा अख्खा नारळ मिळाला तर सोन्याहून पिवळे, कारण त्यातले पाणीही कामी येते. घेताना कानाशी हलवून पाणी वाजते का पाहावे आणि तिन्ही डोळे कोरडे आहेत ना हे बघावे. नाहीतर भारतीय दुकानात खवलेला नारळ गोठवलेला मिळतो, तो उत्तम. अमेरिकन दुकानात केकसाठी जो साखर घातलेला नारळाचा कीस मिळतो, तो मात्र आणू नये, त्याने पोह्यांची मिठाई होते. बाटलीतले नारळाचे पाणी चालते, पण तेही बिनसाखरेचे पाहावे. लिंबांच्या बाबतीत आपण येथे भाग्यवान आहोत. कित्येक घरांच्या परसात मायर जातीचे लिंबाचे झाड असते. ते फळ दिसायला देखणे पण चवीला मवाळ, म्हणून त्याचा रस दीडपट घ्यावा.

कढीलिंब घालावा की नाही ते ज्याच्या आवडीवर आहे. पण त्याचे रोप देशातून किंवा दुसऱ्या काऊंटीतून गुपचूप आणण्याचा मोह काहींना होतो, तो आवरावा. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा रोग पसरवणारा एक बारीक कीटक कढीलिंबावर वाढतो, म्हणून कॅलिफोर्नियात या रोपांच्या ने-आणीवर निर्बंध आहेत. फोडणीतल्या चार पानांसाठी शेजाऱ्याचे लिंबाचे झाड धोक्यात घालणे आपल्याला शोभणार नाही.

आता कृती. यात क्रमाला महत्त्व आहे. पोहे आधी पाण्यात भिजवायचे नाहीत, हे पहिले ध्यानात ठेवावे. परातीत कांदा, मिरची, मीठ, साखर आणि लिंबाचा रस एकत्र करून बोटांनी हलके चोळावे आणि दहा मिनिटे थांबावे. मीठ कांद्यातले पाणी बाहेर ओढते आणि तेच पाणी पुढे पोह्यांना लागते. मग नारळ आणि कोथिंबीर घालावी, नारळाचे अर्धा कप पाणी घालावे, आणि शेवटी पोहे मूठमूठ घालत खालून वर कालवावेत. मळू नये, पोह्यांची पाकळी मोडता कामा नये.

मग येते ती दडपण्याची पायरी, जिच्यावरून पदार्थाला नाव मिळाले. पोहे परातीत सारखे दाबून बसवावेत, वर ताट उपडे घालावे आणि त्यावर वजन ठेवावे. आपल्याकडे पाट्याचा वरवंटा ठेवत, येथे पाण्याने भरलेले भांडे ठेवले तरी चालते. अर्धा ते एक तास तसेच राहू द्यावे. ही पायरी गाळणारे पुष्कळ आहेत आणि मग पोहे काही ठिकाणी कोरडे, काही ठिकाणी चिकट झाले म्हणून ते कुरकुरतात. दाबल्याने पाकळ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि ओल एकीतून दुसरीत सरकते. ढवळून जे साधत नाही ते दडपून साधते.

तासाने झाकण काढून एक पाकळी दोन बोटांत धरून पाहावी. ती वाकली पाहिजे, कडकन मोडता कामा नये. मग मूठभर पोहे दाबून पाहावेत. मुटका व्हावा आणि बोट लावताच सुटावा. मुटका झालाच नाही तर नारळाचे पाणी आणखी शिंपडावे. सुटलाच नाही तर कोरडे पोहे घालावेत. क्युपर्टिनोची हवा कोकणापेक्षा फार कोरडी, विशेषतः उन्हाळ्यात, आणि येथले पोहे पापडासारखे कडक राहतात. त्यामुळे आईने चिठ्ठीत लिहून दिलेले पाण्याचे माप येथे अनेकदा कमी पडते. मापापेक्षा बोटांवर विश्वास ठेवावा.

फोडणी निराळी करावी. तेल तापले की आधी शेंगदाणे मंद आचेवर तळून काढून घ्यावेत, मग त्याच तेलात मोहरी, हिंग आणि आच बंद केल्यावर हळद. शेंगदाणे आणि तेल दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवावे. दाणे ओल्या पोह्यांत रात्रभर राहिले तर मऊ पडतात, आणि कुरकुरीतपणा हाच तर त्यांचा उपयोग. जुन्या आठवणीने कोणी खोबरेल तेल वापरील, तर त्याने एक लक्षात घ्यावे की साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली ते थिजते. आपल्याकडे ते बाटलीत वाहत असते, येथल्या हिवाळ्यात घरातही त्याचा गोळा होतो. शब्बाथला ते तापवता येणार नाही, तेव्हा शेंगदाण्याचे तेल बरे.

आता वेळेचा हिशेब, कारण खरी अडचण तेथेच आहे. जूनमध्ये क्युपर्टिनोत सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, तेव्हा शुक्रवारी कामावरून येऊनही सवड मिळते. डिसेंबरात मात्र तो पाचच्या आतच मावळतो, त्या वेळी बहुतेक लोक अजून रस्त्यावरच्या गर्दीत असतात. म्हणून हिवाळ्यात फोडणी गुरुवारी रात्रीच करून ठेवावी. नारळ गुरुवारीच खवून फ्रिजमध्ये ठेवावा, मिरची-कोथिंबीर चिरून ठेवावी. मग शुक्रवारी जे उरते ते पंधरा मिनिटांचे काम आहे.

ज्यांच्या घरी शब्बाथला कालवणे, पिळणे हेही टाळतात त्यांनी शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी पोहे दडपून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत. अशा वेळी चिरलेला कांदा पाण्यात धुऊन घट्ट पिळून घालावा, नाहीतर तो रात्रीत उग्र होतो. धुतल्याने कांद्याचे पाणी जाते, म्हणून नारळाचे पाणी पाऊण कप घ्यावे. थंडीने पोहे थोडे घट्ट होतात, कालच्या भाताचे होते तसेच. सकाळी खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवले की पुरे मऊ होतात. ज्यांचा नेम तितका कडक नाही त्यांनी सगळी तयारी शुक्रवारी करून पोहे सकाळीच कालवावेत, ते अधिक ताजे लागतात. बारीक शंका असतील त्या आपापल्या हाखामांना विचाराव्यात, शाळामास्तरांना विचारू नयेत. एक मात्र सर्वांसाठी. ओला नारळ आणि चिरलेला कांदा असलेले अन्न दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नये. येथले अन्नसुरक्षेचे खातेही हीच मर्यादा सांगते.

यात तूप नाही, दूध नाही, मांस नाही. त्यामुळे हे ताट कशाबरोबरही मांडता येते. शुक्रवारचा उरलेला थंड मासा शेजारी ठेवावा, किंवा नंतर दुधाचा चहा घ्यावा. हिंगाबद्दल एक सूचना. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. ज्यांना गहू सोसत नाही त्यांनी, आणि पेसाखच्या दिवसांत सर्वांनीच, तो वगळावा.

आमच्या वयाच्या मंडळींना साखरेचा विकार घरोघरी आहे, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. पोहे हा शेवटी तांदूळच आहे, हलका लागतो म्हणून दोन ताटे खाऊ नयेत. साखर वगळावी, पोहे एक चतुर्थांशाने कमी करावेत आणि त्या जागी वाफवून थंड केलेले मोडाचे मूग, कोचवलेली काकडी आणि जास्तीचे दाणे घालावेत. काकडी पाणी सोडते, म्हणून ती वाढताना घालावी. लिंबाच्या रसाने अन्नातले लोह अंगी लागायला मदत होते आणि चहाने अडथळा येतो, तेव्हा चहा ताटाबरोबर न घेता तासाभराने घेतलेला बरा. हे ऐकणारे फार थोडे आहेत हे आम्हांला ठाऊक आहे.

आता मलिद्याचा मुद्दा. येथल्या आपल्या मुलांना आम्ही विचारतो तेव्हा मलिदा खाल्लेली मुले बरीच निघतात, केलेली जवळजवळ नाहीत. ताट नेहमी एखाद्या मावशी किंवा काकी करून आणतात. त्या मावशी सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. घर घेतले, मूल झाले, लग्न ठरले, आजारातून कोणी उठले, की एलियाहू हन्नाबीची आठवण करायची आणि मलिदा वाटायचा ही आपली रीत. ती चालू राहायची तर पोहे किती ओले करावेत हे कोणाच्या तरी बोटांना कळले पाहिजे, आणि ते वर्षातून एकदा पाहून कळत नाही. दर शनिवारच्या पोह्यांवर ते सहज कळते. पाकळी वाकली पाहिजे, मुटका सुटला पाहिजे, ही परीक्षा दोन्हीकडे तीच. म्हणून आईबापांना आमची विनंती आहे की शुक्रवारी परात मुलांपुढे ठेवावी. या कामात विस्तव नाही, सुरी मोठ्यांनी धरावी, बाकी सारे आठ वर्षांचे मूल करू शकते. नारळ, कांदा, मूठ, चिमूट, दडपणे, कालवणे, शिंपडणे, हे शब्दही त्याच्या तोंडी बसतील. 'मिक्स' या एका इंग्रजी शब्दात आपली कालवणे, मिसळणे, मळणे, ढवळणे, घोटणे अशी पाच क्रियापदे बुडतात. ती पुस्तकातून शिकवताना आमचा घसा कोरडा पडतो, आणि परातीवर ती एका संध्याकाळी येतात.

मुलांनी हात बसवला की त्याच पोह्यांतून मलिदा करून पाहावा. चार कप पोहे धुऊन लगेच निथळावेत, पाण्यात पडू देऊ नयेत. दहा मिनिटांनी त्यांत एक कप नारळ, पाऊण कप साखर, अर्धा चमचा वेलचीची पूड, बदाम-पिस्त्याचे काप आणि बेदाणे घालून हलके कालवावे. वर खजूर आणि निरनिराळी फळे मांडावीत. हे खोरे एके काळी जर्दाळू आणि प्रूनच्या बागांसाठी प्रसिद्ध होते, आता तेथे कचेऱ्या उभ्या आहेत. पण बाजारात जर्दाळू अजून मिळतो आणि ताटावर तो सुंदर दिसतो.

रविवारी चूल पेटवायला हरकत नसते, तेव्हा आदल्या दिवशीचे दडपे पोहे उरले असतील तर टाकू नयेत. कढईत थोडे तेल घालून ते परतावेत, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावे आणि दोन मिनिटांत वाफ आली की उतरवावेत. ही चव निराळी असते आणि काही घरांत मूळ पदार्थापेक्षा तीच अधिक आवडते. त्यापुढे मात्र ठेवू नयेत, नारळ उतरतो. कोरडे पोहे हवाबंद डब्यात दोन-तीन महिने चांगले राहतात. मऊ पडल्यास परातीत पसरून थोडा वेळ उन्हात ठेवावेत. तेवढे ऊन तर येथे बाराही महिने आहे.